लहान आतड्याची वेळ

२००४ साली बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आले. त्यांच्या पोटात दुखत होतं, हे मला तीन महिने कळलं नाही. म्हणजे त्यांनी कळू दिलं नाही. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी, त्यात लेकीच्या घरी राहायचं, तेव्हा दुसऱ्यांदा चहासुद्धा मागायचा नाही असा त्यांचा बाणा. दुपारी जेवण झालं की ते पोटाशी उशी आवळून बसत आणि मी तेव्हा ऑफिसात असे. एकदा लवकर घरी आले आणि बघितलं. आधी मी त्यांच्यावर ओरडले. माझी काळजी नेहमी अशीच बाहेर पडते.

आता डॉक्टर गाठायला हवा होता. पण आम्हा मंडळींची एक रीत होती. दाढ किडली, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघा कुरकुरला, की 'इंडियात गेल्यावर बघू'. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही नातेवाइकांपेक्षा दवाखानेच जास्त फिरायचो. शिवाय बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या दुखण्याला हात लावत नव्हता आणि दुखणं जुनं की नवं हे ठरवणार तीच कंपनी. म्हणून मी मधला मार्ग काढला. आमच्या इंडियन ग्रोसरीपासून दोन दुकानं सोडून एका चिनी बाईंचा दवाखाना होता. ऑफिसातल्या मैत्रिणीची पाठ त्यांनी सुया टोचून बरी केली होती. काही नाही तर बाबांना बरं वाटेल, एवढाच माझा हिशोब होता.

बाई साठीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी बाबांची जीभ पाहिली आणि मग मनगटावर तीन बोटं इतका वेळ ठेवली की मला ऑफिसातली मीटिंग आठवायला लागली. भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता होता. त्यावर करंगळीपासून निघालेली एक रेघ दंडामागून खांद्यावर चढून, गालावरून कानाशी जाऊन थांबत होती. चिनी वैद्यकात ती लहान आतड्याची वाट, असं बाईंनी सांगितलं.

"जठरातून येतं ते सगळं लहान आतडं घेतं," त्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "स्वच्छ ते वर पाठवतं, गढूळ ते खाली. अन्नाचं तसंच विचारांचं. काय ठेवायचं, काय सोडायचं, ते निवडतं. हृदय त्याचा जोडीदार. दुपारी एक ते तीन त्याची वेळ. म्हणून तुम्ही एक वाजता यायचं."

बाबांची सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली होती. उसाच्या रसात चुना घालायचा, गाळ खाली बसवायचा, वरचा नितळ रस पुढे पाठवायचा. ते एकदम ताठ बसले. गाडीत म्हणाले, "अगं, आतडं म्हणजे आमची रस निवळायची टाकीच की! ही बाई हुशार आहे."

मग दर गुरुवारी मी लंच ब्रेकमध्ये घरी येऊन त्यांना तिथे नेऊ लागले. गुरुवार आला की ते गुळगुळीत दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालत. दुखणं कमी झालं नाही, पण कितीतरी दिवसांनी त्यांना कुणीतरी ऐकणारं भेटलं होतं. हे मला बघवत नव्हतं, कारण ऐकायला मीही होते ना घरात. एकदा त्यांनी कागदावर त्या टाकीचं चित्र काढून बाईंना सगळं समजावलं. बाईंनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला.

चौथ्या गुरुवारी बाबा बूट घालत असताना बाईंनी माझा दंड धरून मला आत ओढलं.

"मी आता सुया लावणार नाही. पोटात हाताला काहीतरी लागतं. वजन उतरलं आहे. हे माझं काम नाही. हॉस्पिटलमध्ये न्या, स्कॅन करा. याच आठवड्यात."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "यार, सहा आठवडे तर राहिलेत. इथे अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते इंडियात पोचतील. आणि ती काय डॉक्टर आहे का?" त्याला दोष देत नाही. मला हेच ऐकायचं होतं. मी भ्याले होते, आणि भीतीला मी व्यवहार हे नाव दिलं.

बाबांना म्हणाले, "बाई चीनला गेल्यात, सुट्टीवर. दीड महिना."

"असं होय. घरी गेल्या असतील," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी बाईंचं नाव काढलं नाही. मी ग्रोसरी दुसऱ्या दुकानातून आणायला लागले. निघायच्या आदल्या आठवड्यात मीच बाबांच्या पट्ट्याला खिळा ठोकून नवं भोक पाडलं.

बाबा पुण्याला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी दादाने स्कॅन करून घेतला. लहान आतड्यात गाठ होती आणि ती पसरली होती. सर्जनने पोट उघडलं आणि तसंच शिवलं. दोन महिने आधी आले असते तर काहीतरी करता आलं असतं, असं ते दादाला म्हणाले. काहीतरी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मी धावत पुण्याला गेले. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी बाबांनी डोळे उघडून विचारलं, "त्या चिनी बाई खरंच सुट्टीवर होत्या ना गं?"

"हो, बाबा."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग ठीक. मला आपलं वाटायचं, मी कारखान्याचं पुराण लावून त्यांचं डोकं खाल्लं, म्हणून त्यांनीच नको म्हटलं असेल. त्याच दिवसांत एकदा जावईबापू मला त्या जुन्या ग्रोसरीत घेऊन गेले होते. तिथे दाराशी त्यांच्यासारखंच कुणीतरी दिसलं. मी हाक मारणार होतो. पण म्हटलं, त्याच असल्या तर उगाच ओशाळतील बिचाऱ्या. मग मी मान वळवली."

त्यांनी हाक मारली असती तर बाईंनी तिथेच, रस्त्यावर, सगळं सांगितलं असतं. त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. बाबा त्यानंतर अकरा दिवस जगले. अकराही दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते आणि त्यांना खरं सांगितलं नाही.