वाडीत बसून पाहिलेलं स्कॉटलंड

माझ्या नवऱ्यानं मला पोराची शपथ घातली होती. "पोराले सांगशील तर तुले पोराचीच शपथ आहे," असं म्हणून हा माणूस मोकळा झाला आणि मी अडकले. पोराची शपथ पोरालाच न सांगण्यासाठी, आता याला काय म्हणावं? शिकला-सवरलेला माणूस, सारी नोकरी ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी करण्यात गेली, आणि घरी बसून बायकोला शपथा घालतो. माझा शपथांवर काडीचा विश्वास नाही. माझी स्वतःची असती तर तिसऱ्या मिनिटाला मोडली असती. पोराची मोडवत नव्हती, एवढंच.

सांगायचं होतं ते असं, की त्याच्या बाबांच्या हृदयाच्या नसा बंद निघाल्या होत्या आणि येत्या सोमवारी बायपास ठरलं होतं. मुलगा आणि सून स्कॉटलंडला असतात. इथेच नागपुरात, मिहानमधल्या कंपनीत चांगली नोकरी होती त्याची, घरून डबा घेऊन जायचा, पण गेला. आमच्याकडे रीतच आहे, की दूर असलेल्याला वाईट बातमी द्यायची नाही. सगळं निस्तरलं की मग सांगायचं, "थोडं दुखत होतं, आता बरं आहे." ही रीत मला चांगली माहीत आहे. माझे वडील उमरेडला आजारी पडले तेव्हा मी सासरी होते, पहिल्या खेपेची होते, म्हणून मला कुणी कळवलं नाही. काका घ्यायला आले ते "बाबांनी आठवण काढली" म्हणून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी दिसली तेव्हा मला कळलं. त्या काकांशी मी नंतर कधी धड बोलले नाही. आता तोच खेळ मी माझ्या पोराशी खेळायचा होता.

त्या दिवशी गुरुवार होता. दुपारी जेवणं आटोपली आणि सुनेचा व्हिडिओ कॉल आला. दोघांनी सुट्टी टाकली होती, नवीन गाडी घेऊन तिकडच्या खेड्यापाड्यांत फिरायला निघाले होते. "आई, बाबा, आज तुम्हाला पण फिरवून आणतो. जिथे थांबू तिथून फोन करू," ती म्हणाली. झालं. यांना एवढंच पाहिजे होतं. मोबाइल टीव्हीला जोडला, कूलरची दिशा बदलली, औषधांचा डबा आणि दवाखान्याची फाइल उचलून सोफ्यामागे टाकली. वर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले. मे महिन्यात, नागपुरात, पूर्ण बाह्या. का, तर अँजिओग्राफीची काळीनिळी खूण मनगटावर होती ती दिसू नये म्हणून.

"सुट्टी आहे त्याच्याजवळ," मी म्हटलं. "ती तो मेंढ्या पाहण्यात घालवतोय. शपथ सुटली म्हणा. मी दोन वाक्यांत सांगते."

"तू चूप बस ना वं. पोरगं मजा करून राहिलं, कशाले टेन्शन देतं त्याले?"

पहिल्यांदा त्यांनी डोंगर दाखवले. हिरवे, गोल गोल, आणि त्यांच्यावर कुणी हळद सांडावी तशी पिवळी फुलं. चांगले होते, नाही कशाला म्हणू. पण मला त्या डोंगरांकडे बघवेना. मी पोराच्या तोंडाकडे बघत होते, आणि फोन सारखा दुसरीकडे फिरत होता. पोराचा अर्धा कान दिसायचा की लगेच झाड. मध्येच आमच्या घरापुढून ट्रक गेला. नागपूरच्या या वाडी भागात हे रोजचंच आहे, हॉर्न वाजला की माणसानं बोलणं थांबवायचं आणि तो गेला की पुढे बोलायचं. ट्रक गेला तोवर तिकडून फोन बंद झाला होता.

दुसरा फोन आला तो रस्त्यावरून. रस्ता इतका अरुंद, की समोरून गाडी आली की एकानं कडेच्या जागेत थांबायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. जाणारा हात दाखवून जातो. यांना ते इतकं आवडलं की बस. "पाहून राहिली का तू? कोणी भोंगा नाही वाजवत, कोणी शिव्या नाही देत. आपल्या अमरावती रोडवर असा थांबला असता का कोणी?" सगळ्या जन्मात यांनी हजारो ट्रक रवाना केले, कुठे कुठे पाठवले, आणि स्वतः कुठे गेले? रामटेक आणि एकदा शेगाव. आता टीव्हीतल्या रस्त्यावर लहान पोरासारखे पुढे सरकून बसले होते. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

"बाबा, उन्हाळ्यात फुल बाह्या?" सुनेनं विचारलं. पोरगी हुशार आहे.

"कूलरचं थंड वाटते ना," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. पुढे तासभर हेच चाललं. फोन यायचा, मी शब्द जुळवायची, हे मध्ये काहीतरी विचारायचे. तिथे भेंडी मिळते का, पाऊस किती पडतो, त्या दगडी भिंती बिनसिमेंटच्या उभ्या कशा राहतात. फोन बंद झाला की मी म्हणायची, "सुटली म्हणा." हे टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहत बसायचे. मी चहा केला तो जास्तच उकळला. तोही मुकाट्यानं प्याले, म्हणजे भीती वाटत असणार माझी.

मग गाई आल्या. अंगभर तांबडे लांब केस, डोळ्यांवर झिपऱ्या, आणि ही एवढी शिंगं. मुलगा कुंपणाला टेकून उभा, सून फोन धरून हसतेय.

"कसं दिसते गा हिले?" यांनी विचारलं.

"सवय असेल बाबा," तो म्हणाला. "काय आई, तू काहीच बोलत नाहीस? आवडलं नाही का?"

"आवडलं ना," मी म्हटलं. "खूप छान आहेत गाई." माझ्या तोंडून हे वाक्य निघालं आणि मला स्वतःचीच चीड आली. आपलं पोर समोर उभं आहे, आपला माणूस बाजूला बसून धाप लपवतो आहे, आणि आपण गाईंचं कौतुक करतो आहोत. अशी बाई मी नव्हते कधी.

त्यानंतर ते कुठल्याशा लहान हॉटेलात बसले, लोणी आणि जॅम लावलेला गोडसर पाव खाल्ला, आम्हाला दाखवून दाखवून. इकडे ऊन उतरायला लागलं. यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. "जरा पडतो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. जाताना दाराशी थांबले, भिंतीला हात लावला. तिथून वळून मला म्हणाले, "शपथ आहे बरं."

आणि फोन वाजला.

या वेळी तळं होतं. खूप मोठं, हलत नव्हतं, पलीकडचा डोंगर जसाच्या तसा पाण्यात. काठावर एक लाकडी बाक. मुलानं स्वतः फोन धरला होता, पहिल्यांदा त्याचा चेहरा पूर्ण दिसला. थंडीनं नाक लाल झालं होतं.

"बाबा कुठे आहेत?"

"पडलेत जरा."

"बरं, तू बघ मग. आई, ही जागा मी बाबांसाठी हेरून ठेवली आहे. पुढच्या वर्षी दोघांना आणतो. बाबांना या बाकावर बसवायचं आणि दिवसभर उठवायचं नाही."

पुढच्या वर्षी. तो किती सहज बोलला ते. मला एकदम त्या उमरेडच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असल्यासारखं झालं. शपथेनं पोराला काय व्हायचं ते होवो, मी मनात म्हटलं, पण न सांगून जे होईल ते मी माझ्या अंगावर भोगलेलं आहे.

"पुढच्या वर्षीचं राहू दे," मी म्हटलं. "तू आत्ता ये. बाबांचं सोमवारी बायपास आहे."

पडद्यावरचं तळं गेलं. गवत आलं, त्याचा बूट आला. सुनेचा आवाज आला, "काय झालं? काय झालं?" मग त्यानं फोन उचलून पुन्हा तोंडासमोर धरला.

"कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"पंधरा-वीस दिवस झाले असतील."

"आणि तुम्ही मला दिवसभर गाई दाखवू दिल्या."

बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, "बाबांनी शपथ घातली होती." हे वाक्य मोठ्यानं बोलल्यावर किती खुळ्यासारखं ऐकू येतं ते मला तेव्हा कळलं. "ठेव फोन. तिकीट पाहतो," तो म्हणाला. रागातच होता. मला त्याच्या रागाचं फार बरं वाटलं.

मी आत गेले. हे छताकडे पाहत पडले होते.

"सांगितलं मी त्याला," मी म्हटलं.

"काहून सांगितलं वं? पोराची शपथ होती."

"होती. तिचं पाप माझ्या डोक्यावर. त्याच्याशी मी असं वागणार नाही. तुम्हाला रागवायचं तर रागवा."

रागावलेच. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. वरण-भात केला तर "भूक नाही" म्हणाले. गोळ्या दिल्या त्या घेतल्या, पण पाण्याचा पेला माझ्या हातातून न घेता टेबलावरचा घेतला. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या रुसण्याला मी इतकी कधी वैतागले नव्हते. सोमवारी याची छाती उघडणार आणि आज हा पेल्यावरून रुसतो आहे.

दिवेलागणीच्या सुमाराला मुलाचा निरोप आला. दोघंही येताहेत, रविवारी सकाळी पोहोचतील. मी दाराशी उभी राहून तो भिंतीकडच्या पाठीला मोठ्यानं वाचून दाखवला. पाठ हलली नाही. "ऐकलं का?" म्हटलं. मरो, म्हटलं, आणि स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटायला लागले.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "अवं."

मी गेले नाही. तिथूनच म्हटलं, "काय आहे?"

"रविवारी येते म्हणाला ना तो?"

"हो."

"म्हणजे ऑपरेशनच्या आधीच येते ना?"

त्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. इतका बारीक आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. एवढे दिवस हाच प्रश्न पोटात घेऊन हा माणूस मला शपथा घालत फिरत होता.

"आधी," मी म्हटलं. "आधीच येतो."

"मग वाढ थोडा भात," ते म्हणाले. मी ताट घेतलं, भात वाढला आणि ताट तिथेच ठेवलं. ओट्याला टेकून मी रडले. रागानंच रडले.