हरिहररावांचा घरचा नंबर

कल्याणच्या हरिहर पेंढारकरांना मोबाईलवाल्या माणसांची किळस यायची. रस्त्यातून हातवारे करत एकटंच बडबडणाऱ्यांना पूर्वी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवायचे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. स्वतः टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबली जोडलेल्या. फोन म्हणजे भिंतीतून तार आली पाहिजे, आणि तो वाजला की माणसानं उठून त्याच्यापाशी गेलं पाहिजे. खिशात घालून हिंडायला ती काय तंबाखूची चंची आहे?

अशा माणसाच्या पोटी केदार निघाला. घोडबंदर रोडला एका मोबाईल कंपनीत चिकटला आणि सांगू लागला, बाबा, तुमच्या या डबड्याचे दिवस संपले. हरिहरराव त्याला ‘सिमकार्ड विकणारा’ म्हणाले, तेही त्याच्या सासऱ्यांदेखत. केदार बायकोला घेऊन निघून गेला. “माफी मागायची असेल तर घरच्या नंबरवर फोन कर,” हे त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं सांगितलं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते फोनशेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसत आणि कुणी विचारलंच तर अग्रलेख वाचतोय म्हणत. सुंभ जळला तरी पीळ जात नव्हता.

गेल्या मंगळवारी, नेमकी त्यांच्या वामकुक्षीच्या वेळेला, फोन कंपनीची रसिका नावाची मुलगी आली. तांब्याच्या तारा बंद होणार होत्या. फायबरचा नवा प्लॅन घेतला नाही तर नंबर जाणार होता. नंबर गेला तर केदार फोन करणार कुठे? हे काही ते तिला बोलले नाहीत.

“काका, कॉलिंग अनलिमिटेड आहे, नेट पण येईल.”

“फुकट बोलायला मिळालं की माणसं वाटेल ते बरळतात. नंबर तेवढा ठेवा.”

“ओके. ओटीपी पाठवते, मोबाईल नंबर सांगा ना.”

“घरचा फोन घ्यायला मोबाईल लागतो? कुठल्या गाढवानं काढलाय हा नियम?”

“सिस्टीमच तशी आहे, काका. त्याच्याशिवाय पुढे जातच नाही.”

त्यांच्या पत्नी सरोजबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी दहा आकडे न अडखळता सांगितले. मग देवघराच्या खणातून, वातींच्या डब्यामागून, मोबाईल काढला.

हरिहररावांनी तो हिसकावूनच घेतला. तेवढ्यात तो थरथरला. कुठल्याशा ओटीपीला आपण घाबरत नाही, हे दाखवायला त्यांनी चष्मा लावला आणि ऑफिसातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“आई, बाबा झोपले का? ताराला तुझ्याशी बोलायचंय.”

रसिकानं मान खाली घातली.

“तारा कोण?”

“तुमची नात. श्रावणात दोन वर्षांची होईल. रोज याच वेळेला बोलतो आम्ही, तुम्ही आडवे झालात की.”

हरिहरराव फोनशेजारच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी रिसीव्हर उचलला.

“केदारचा नंबर सांग.”

“त्याचा जुनाच आहे,” सरोजबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून तोच. या फोनवरूनही लागला असता.”