विरोधी पक्ष कधीच जिंकत नाही

विरोधी पक्ष काही केल्या जिंकत नव्हता. मी त्याला पैसा दिला, वर्तमानपत्रं दिली, शेवटी देशातले झाडून सगळे मतदार दिले. तरी सरकारच निवडून यायचं. वैतागून मी 'ब्लॉकर' टाकला. ब्लॉकर म्हणजे असा बग, की तो सुटल्याशिवाय प्रॉडक्ट बाहेर जात नाही.

सांता क्लारामध्ये आमची कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर करते. मी टेस्टिंग बघते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोड काढायचा मला पगार मिळतो. या वेळच्या खेळात मुलांना एकोणिसाव्या शतकातल्या स्पेनमध्ये निवडणूक लढवायची होती. राजा होता, संसद होती, दोन पक्ष होते. सगळं कसं रीतसर.

कोड निखिलचा. नागपूरचा मुलगा, व्हिसावर आलेला, बायको नुकतीच बाळंत झालेली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, हा बग नाही. तिथे असंच व्हायचं."

मग त्याने समजावलं. आपल्याकडे आधी निवडणूक, मग पंतप्रधान. तिथे राजा आधी पंतप्रधान नेमायचा आणि मग तो पंतप्रधान निवडणूक घ्यायचा. कुठली जागा कुणाची, हे गृहमंत्री मतदानाआधीच ठरवायचा. विरोधकांनाही चार जागा सोडायचा, नाहीतर शोभेल कसं? गावोगावचे पुढारी तेवढी मतं जमवून आणायचे, त्यात मेलेल्यांचीही असायची. मी पुस्तकं चाळली. पोरगं खरं बोलत होतं. मी ब्लॉकर बंद केला.

आमचा डिरेक्टर ब्रॅड याने तो परत उघडला. त्याचं म्हणणं, आपल्या मताला किंमत आहे असं मुलांना वाटलं पाहिजे, नाहीतर पालक तक्रार करतील. तेव्हा विरोधी पक्ष निम्म्या वेळा तरी जिंकू दे. निखिल म्हणाला, मग स्पेनचं नाव काढा. ब्रॅड हसला.

"वी आर अ डेमोक्रॅटिक टीम. लेट्स व्होट."

व्होटिंग शुक्रवारी ठरलं. गुरुवारी ब्रॅडने निखिलला बाजूला करून केविनला त्या कामाचा लीड नेमलं. व्होटिंगही केविनच घेणार होता, सगळ्यांच्या देखत, हात वर करून, आणि तेही पगारवाढ ठरायच्या तोंडावर. मला हसूही येत होतं आणि संतापही.

विरोधात हात निखिलचा आणि माझा. केविनने 'एकमताने मंजूर' असं जाहीर केलं. मी म्हटलं, दोन हात विरोधात होते. ब्रॅड म्हणाला, त्यांचा आम्हाला आदरच आहे.

जागेवर येऊन कॅलेंडर उघडलं. सोमवारी नव्या आवृत्तीची पहिली मीटिंग होती. तिचं बोलावणं बुधवारीच आलेलं, मी पाहिलं नव्हतं. त्यात निखिलचं नाव नव्हतं.

महिनाअखेर त्याला काढलं. व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला थोडेच दिवस मिळतात. घरात तान्हं बाळ. त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

नवी आवृत्ती शाळांत गेली. तिच्यात दोन्ही पक्ष आळीपाळीने जिंकतात. या खेपेला कुणाची पाळी, हे केविनचा कोड मुलांनी मत द्यायच्या आधीच ठरवतो. टेस्टिंगमध्ये एकही बग सापडला नाही.

निखिल आता दूर उत्तरेत, ट्रॉय नावाच्या गावात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर करतो. परवा त्याचा फोन आला. थंडी फार आहे, बाळ रांगायला लागलंय, असं सगळं सांगून झालं. काम कसं आहे, मी विचारलं.

"बरं आहे, ताई. इथे ब्रेक लागला की नाही, ते गाडीच सांगते. त्यावर व्होटिंग नाही घेत."