बदामाला आचळ कुठलं

…नाही, नाही, ते खोडू नकोस. बोकडाचं राहू दे. गारिफालिया म्हटलं की आधी बोकड यायलाच हवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई जन्मभर वाटाणेच सोलत बसली. लिही: आमच्या प्रिनारीत इतक्या वर्षांत जेवढी लग्नं झाली, त्यातल्या बहुतेकांचा बोकड तिनंच शिजवला, आणि त्याच्याच रश्शात भात. पातेलं एवढं की त्यात तुझा आजोबा मावला असता. एकदा मावलाही होता, पण ते लिहू नकोस.

तुमच्या खाली हानिया शहरातल्या गावकरी मंडळाला अंकात छापायला गावातल्या एका माणसाची गोष्ट हवी ना, मग ही घे. पुढाऱ्यांच्या गोष्टी पुढारी सांगतील.

गारिफालिया समुद्राकाठची. लग्न होऊन वर आमच्या डोंगरात आली तेव्हा मेंढी कुठल्या बाजूनं धरायची तेही तिला ठाऊक नव्हतं. सासू खमकी होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "पोरी, दारात माणूस आला की आधी खुर्ची, मग पाणी, मग ताट. नाव नंतर विचारायचं." तेवढं एक तिनं पदराला गाठ मारून ठेवलं. विजेचं मीटर बघायला येणारा, वाट चुकलेले परदेशी, कोंबडी चोरल्याची चौकशी करायला आलेला पोलीस, सगळे तिच्या घरी जेवून गेले. तो पोलीस तर कोंबडीच जेवून गेला.

नवरा मानूसोस. मेंढपाळ, आणि चीज करण्यात त्याच्या हाताला तोड नाही. त्याचं मिझिथ्रा, म्हंजे ते ताजं, पांढरं, मऊ, लोक खालून गाड्या घेऊन न्यायला येतात. बोलतो कमी, आणि बोलला की टोचून.

तर त्यांच्या वरच्या खोलीत नवी मास्तरीण राहायला आली. मिर्सिनी नाव. समुद्रापलीकडच्या व्होलोसची, बारीक चणीची, केस मुलासारखे कापलेले. गावाचं तिच्याकडे सगळं लक्ष, कारण आधीचा मास्तर वाऱ्याला कंटाळून पळाला होता आणि त्याच्या आधीची नाताळलाच गेली ती आली नाही. आता हीही गेली की शाळेला कुलूप, असं वरून कळवलं होतं. गारिफालियाचा मुलगा सिफिस सरळ म्हणाला होता, "आई, शाळा बंद झाली की मी बायकापोरं घेऊन खाली हानियाला जाणार. मुलांना रोज घाटातून बसनं पाठवायचं नाही मला." दोन्ही नातवंडं त्याच शाळेत. ती गेली की त्या घरात मानूसोस, ती आणि मेंढ्या.

म्हणून पहिल्या रात्री तिनं बटाट्यातलं कोकरू केलं. मास्तरीण ताटासमोर बसली, हात मांडीवर.

"मावशी, रागावू नका. मी हे खात नाही."

"कोकरू नाही? मग चीज घे."

"तेही नाही."

"अंडं तळते."

"मावशी, ज्याला आई असते ना, त्याचं मी काहीच खात नाही. वीगन आहे मी."

गारिफालिया तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "अगं मग उपास म्हण की. एवढंच ना? अर्धं वर्ष आपले उपासच असतात. मला शिकवतेस होय."

आता आपला उपास तुला माहितीय. रक्ताचं चालत नाही, दूध-अंडं चालत नाही, पण ज्यांच्यात देवानं रक्तच घातलं नाही ते चालतं. पाऊस पडून गेल्यावर गारिफालियानं टोपलीभर गोगलगायी वेचून आणल्या. तव्यावर मीठ पसरलं, त्यावर त्या पालथ्या लावायला घेतल्या, तेल, व्हिनेगर, रोझमेरी काढून ठेवली. मास्तरीण पाणी न्यायला खाली आली, तर एक गोगलगाय निसटून मिठाच्या बरणीवर चढलेली, दोन्ही शिंगं काढून हिच्याकडे बघतेय.

"मावशी, हे काय?"

"तुझ्यासाठीच. हिला आई नसते. विचारलंय मी."

"कोणाला विचारलंत?"

"पाद्रीबाबांना. ते म्हणाले, आपण तरी कधी बघितली नाही."

मास्तरणीला हसावं की रडावं कळेना. तिनं ती एक उचलली, बाकीच्या टोपलीत भरल्या, आणि सगळ्या नेऊन मागच्या वाफ्यात सोडल्या. गारिफालियाच्या कोबीवर.

मानूसोस दारात उभा होता. म्हणाला, "कोबीला आई असती तर वाचला असता बिचारा."

पुढच्या आठवड्यात ऑक्टोपस झाला. त्यालाही रक्त नाही. मास्तरणीनं मान हलवली. मग मध आणला, तर म्हणे मधमाश्यांचा आहे. "खरंय," मानूसोस म्हणाला, "पोळ्यात एक आई असते आणि बाकी सगळ्या तिच्या मुली. ह्यात मास्तरीण चुकली नाही."

इकडे गावाला काय ठाऊक. मास्तरीण आली म्हटल्यावर कोणी अंडी आणतंय, कोणी सोललेला ससा. आपल्याकडे दिलेलं परत केलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. ती बिचारी लाल होऊन "नको" म्हणायची आणि देणारी घरी जाऊन म्हणायची, "आमच्या हातचं तिला चालत नाही." हळूहळू तिनं खोलीचं दार लावून घेतलं. शाळा, खोली, टोस्ट, ऑलिव्ह.

तेव्हा गारिफालियानं जे आधी करायला हवं होतं ते केलं. वर गेली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "पोरी, काय खात नाहीस ते मला पाठ झालं. आता काय खातेस ते सांग."

तिथून त्यांचं सुरू झालं. बुधवारी शाळा सुटली की मास्तरीण खाली यायची, फोनवर काहीतरी वाचायची, आणि दोघी नवंनवं करून बघायच्या. पहिला मुसाका केला, तो थरांचा, भट्टीत भाजायचा. वांगी, बटाटे, मसूर, इथपर्यंत सगळं छान. वरचा पांढरा थर दूध-अंड्याऐवजी वाटलेल्या छोल्यांचा. भट्टीतून निघाला तेव्हा सुरी आत जाईना.

मानूसोसनं बोटानं वाजवून बघितला. "गोठ्याचं छप्पर गळतंय. ह्यातला थोडा देशील?"

"गप खा."

"खातोय. दात आहेत तोवर खातो."

मग बसवाल्या पांडेलिसकडून सोयाचा खिमा मागवला. भिजवला तर घरभर ओल्या कुत्र्याचा वास. खरा कुत्रा आला, हुंगून गेला. पण पांढऱ्या घेवड्याचे वडे केले, पुदिना-बडीशेप घालून, ते असे जमले की मानूसोसनं दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. आणि लग्नाचा तो भात. बोकडाच्या रश्शाशिवाय भात हे गारिफालियाच्या जिवावर आलं होतं. पण तिनं कांदे काळपट होईपर्यंत भाजले, रानातली अळंबी सुकवून उकळली, वर लिंबू पिळलं. मास्तरीण तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली, "मावशी, आता माझं लग्नही इथंच करा."

"नवरा खातो का पण हे?" मानूसोसनं विचारलं.

ईस्टरआधीचा मोठा उपास लागला तसं तर सगळं गावच मास्तरणीच्या ताटात आलं. सगळ्यांकडे घेवडा, सगळ्यांकडे पालेभाजी. ती प्रत्येक घरी जेवायला लागली, मुलांच्या आयांशी गप्पा मारायला लागली, गाल भरले तिचे. गारिफालियाला वाटलं, सुटलो.

पण उपास संपतो की. ईस्टर जवळ आला. त्या दिवशी मास्तरीण घरोघर जाते ही आपली रीत, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तिच्या हातात कालित्सुनी ठेवतात, मिझिथ्राचं गोड सारण भरलेल्या त्या छोट्या करंज्या. ती हातात घेऊन खायचीच असते, तिथंच, घरच्यांच्या समोर. म्हंजे जेवढी घरं तेवढे नकार. गारिफालिया गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा खालच्या पायरीवर मास्तरीण आईशी फोनवर बोलत होती.

"ईस्टरच्या सुट्टीसाठी सोमवारच्या बोटीचं तिकीट काढलंय. परतीचं नाही काढलं. आई, माणसं एवढी चांगली आहेत की नाही म्हणताना मला रडू येतं. रोज कोणाचं तरी मन मोडायचं, किती दिवस?"

गारिफालियाच्या हातातली चादर तशीच राहिली. खाली नातवंडं अंगणात चेंडू खेळत होती.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सरळ बदामाचं पोतं काढलं. भिजवले, सोलले, वाटले, त्यात साखर, संत्र्याची साल. खाऊन बघितलं तर वाळू. परत वाटले. परत वाळू. मग वाटणात पाणी घालून दूध काढलं, पातेल्यात चढवलं, जोरात आच, आणि ढवळतेय, ढवळतेय, घाम पुसतेय.

मानूसोस चूल सोडून तिसरीकडे कुठेतरी बघत बसला होता. "काय करतेस?"

"मिझिथ्रा."

"कशाचं?"

"बदामाचं."

"बदामाला आचळ कुठलं."

"नसू दे."

तिनं लिंबू पिळलं आणि अजून जोरात ढवळायला लागली. तेव्हा मात्र त्याच्यानं बघवेना. आयुष्य चिजात गेलं त्याचं. उठला, तिच्या हातातली पळी काढून घेतली.

"हात काढ. गाठी धरायला लागल्यावर ढवळतं का कोणी? घाबरतं ते. आच कमी कर. अजून. आता गप उभी राहा."

"आणि?"

"आणि काही नाही. गप उभं राहायचं हेच काम असतं."

दोघं पातेल्यात बघत उभे. हळूच वर एक पांढरा ढग आला, मग दुसरा. पहिला घाणा पातळ गेला. दुसऱ्याला त्यानं पाणी कमी घालायला लावलं. तिसरा त्यानं आपल्या विणलेल्या टोपलीत अलगद काढला, फडकं घालून, आणि मांडवाच्या वेलाला टांगला. मिझिथ्रासारखाच, पाणी थेंब थेंब गळत.

आता हे बघ, हे नीट लिही. मानूसोस उपास कडक पाळतो. म्हंजे मोठा उपास लागल्यापासून तो रोज चीज करतो, पण चाखत नाही. बाहेरचे खातात, आणि करणारा नुसता वासावर. आणि ह्या टोपलीतलं मात्र त्याला चालत होतं. त्यानं चमचा घातला, चाटला, डोळे मिटून उभा राहिला. परत घातला.

"कसंय?" तिनं विचारलं.

"चीज नाही हे."

"ते मलाही कळतं."

"मीठ हवं चिमूटभर." तिसरा चमचा. "मेंढ्यांना सांगू नकोस."

मग गारिफालिया वाडगे भरभरून घरोघर निघाली. आमच्याकडे पहिली आली. म्हणाली, "शेजारीण, तू तुझ्या नेहमीच्या कर. पण थोड्या ह्या सारणाच्या कर, पीठ तेलात आणि संत्र्याच्या रसात मळ, वर अंडं लावू नकोस. चूक नको व्हायला म्हणून ह्यांच्यावर एकेक लवंग खोच." आणि कशासाठी ते सांगितलं, परतीच्या तिकिटाचंही. मी म्हटलं, एका पोरीसाठी दोन तऱ्हेचं पीठ मळू? ती म्हणाली, "तिच्यासाठी नको मळूस. तुझ्या नातीला रोज घाटातून पाठवायचंय का?" मग मळलं दोन तऱ्हेचं. आणि तुला खरं सांगते, सगळ्या बायका खूशच झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सारणाची साखर उपास न मोडता चाखून बघता आली. कोपऱ्यावरच्या घरात तर चाखता चाखता वाडगाच संपला. ती दुसरा मागायला गेली.

ईस्टरला मास्तरीण निघाली. पहिल्या उंबऱ्यावर तिनं ताट बघितलं आणि तोंड उघडलं नकार द्यायला, तेवढ्यात घरधनीण म्हणाली, "लवंगेची घे गं, ती तुझी." तिनं घेतली. पुढच्या घरी पुन्हा लवंग. त्याच्या पुढच्या घरी लवंग सरळ उभी राहिना म्हणून दोन खोचलेल्या. गावाच्या टोकाच्या म्हातारीनं तर तिला बसवूनच घेतलं आणि चार खाईपर्यंत उठू दिलं नाही.

संध्याकाळी परत आली तेव्हा पोट धरून. गारिफालिया अंगणात ताटं विसळत होती.

"मावशी."

"काय गं?"

"पोट फुटेल माझं."

"चहा करते. डोंगरी पाल्याचा."

मास्तरीण खालच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. गारिफालियानं हात पुसले आणि शेजारी बसली. तिकिटाचं एक अक्षर काढलं नाही. मानूसोस गोठ्यातून आला, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "चिमूटभर म्हटलं होतं मी, मीठ जास्त झालं."

सोमवारी मास्तरीण गेली, आईसाठी टोपलीभर लवंगेच्या घेऊन. गारिफालियानं दिवस काढले ते कोबीचा वाफा परत लावण्यात. सिफिसनं विचारलं, "येईल का?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक, पाणी घाल तिकडे." सुट्टी संपली त्या दिवशी बस वळणावर थांबली. मास्तरीण उतरली. पाठीवर पिशवी, हातात ती टोपली. टोपलीत तिच्या आईनं व्होलोसहून तिळाचा हलवा पाठवलेला, आणि सांगितलं होतं म्हणे, बदामाचं दूध किती घट्ट काढायचं ते विचारून ये.

गारिफालियानं आधी खुर्ची दिली, मग पाणी. मग सिफिसची बायको धावत आली आणि रडली, मास्तरीण गेली तेव्हाचं राहिलेलं.

आता जूनमध्ये मास्तरणीनं परत आमचंच गाव मागून घेतलं, आणि मिळालंही. सुट्टीनंतर शाळा उघडणार. सिफिसनं घरावर नवा मजला चढवायला घेतलाय, सगळ्या अंगणात रेती पडलीय, आणि गारिफालिया त्या रेतीवरून पाय घसरून कुरकुर करते आणि हसते.

बस झालं, हात दुखला असेल तुझा. फक्त शेवटी एवढं लिही, ठळक अक्षरात. हा अंक हानियात जो कोणी वाचेल, त्यानं आमच्या वरच्या बसच्या पांडेलिसला निरोप द्यावा: शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी मास्तरीण येतेय, ह्या खेपेला आईला घेऊन. आईचे गुडघे धरलेत. तिला खालच्या वळणावर उतरवू नकोस, बाबा, गाडी चढावर घाल आणि चौकापर्यंत आण. जेवण गारिफालियाकडेच आहे, आणि तुझ्यासाठी वेगळं कोकरूही आहे, एवढं सांगा म्हणजे तो येईल.