अकरा नंबरचा निरोगी माणूस

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत रक्त घेण्याचं काउंटर होतं आणि त्यामागे सव्वीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. त्याचं खरं आडनाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. शीर कितीही लपलेली असो, पहिल्या टोचणीत रक्त यायचं, म्हणून सगळे त्याला ‘एकटोचे’ म्हणत. नवे पेशंट तर तेच आडनाव समजून तक्रारवहीत त्याची स्तुती लिहून जात.

खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी तिथे दोघे असायचे. जोडीदार निवृत्त झाला, त्याची जागा भरण्याचा ‘विचार चालू’ राहिला आणि दीड वर्ष सगळा भार एकट्यावर आला. समोर रांग, पाठीमागे भिंतीवरचा फोन. वॉर्डात कुणाचं रक्त तातडीनं हवं असलं की तो फोन किंचाळायचा. उचलायला उठलं की रांग कुरकुरायची आणि रांग आवरायला गेलं की फोन थांबायचं नाव घेत नसे. एकटोचे कुणावर डाफरले नाहीत. हात तसाच स्थिर, आवाज तसाच हळू. जे काही व्हायचं ते आत होत होतं आणि संध्याकाळी ते सगळं घेऊन ते घरी जात होते.

घरी ते वेगळेच झाले होते. पहाटे चारला डोळे टक्क उघडत, ते पुन्हा मिटत नसत. जेवताना समोर काय आहे याकडे लक्ष नसे. शेजाऱ्याबरोबरचा रविवारचा बुद्धिबळाचा डाव त्यांनी बंद केला. शेजारी दोनदा बोलवायला आला, तिसऱ्यांदा आला नाही. झाकण पडलं तरी दचकत आणि मग तासभर धुमसत. त्या सोमवारी बायकोच्या हातून बशी निसटली. एकटोचे उठले आणि उरलेल्या सहा बशा त्यांनी एकेक करून जमिनीवर आपटल्या. मग आपण काय केलं ते दुसऱ्या कुणी केल्यासारखे बघत राहिले.

बायकोने तुकडे भरले, केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, “शनिवारपर्यंत वाट बघते. डॉक्टरकडे चला, नाहीतर मी लेकीकडे जाते राहायला. पळून नाही जात, सांगून जातेय.”

“मला काय धाड भरलीय?”

“तेच विचारायला जायचं.”

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, ते मोजणार होतं. पण पेशंटचं रक्त तपासण्याआधी निरोगी माणसांचं रक्त त्यातून काढून बघायचं, अशी तिथली पद्धत होती. कर्मचाऱ्यांतूनच वीस जण घ्यायचे, सकाळी आठला एकदा आणि दुपारी चारला एकदा रक्त द्यायचं. नळीवर फक्त नंबर, नावं एकटोच्यांकडच्या वहीत.

प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना गोळा करून समजावलं. “हे हार्मोन सकाळी वर असतं, माणसाला उठवून कामाला लावतं. दिवस कलला की उतरतं. संकट आलं की उसळतं, संकट टळलं की ओसरतं. दुपारी साधारण निम्म्यावर यायला हवं.”

“मॅडम, तुम्ही खोलीत आलात की आमचं उसळतंच,” यंत्रावरचा तंत्रज्ञ म्हणाला. त्याला सगळे ‘बातमीदार’ म्हणत. सकाळी त्याच्या कानावर पडलेलं दुपारच्या जेवणापर्यंत चौथ्या मजल्यावर पोचायचं. आताही तोच ओरडला, “अजून एक जण कमी आहे! एकटोचे, तुम्ही द्या की. तुमच्याइतका थंड माणूस या इमारतीत दुसरा कोण आहे?”

एकटोच्यांनी रबरी पट्टा दातांनी आवळला आणि स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढलं. पहिल्याच टोचणीत. मग वहीत अकरा नंबरपुढे स्वतःचं नाव लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी आकडे आले. एकोणीस जणांचे दुपारचे आकडे शहाण्यासारखे उतरले होते. अकरा नंबरपुढे होतं: सकाळी बावीस, दुपारी वीस.

दुसरा कुणी घाबरला असता. एकटोच्यांना ते सुचलंच नाही. आकडा विचित्र आला की आधी नळीवर संशय घ्यायचा, मग यंत्रावर आणि माणसावर सगळ्यात शेवटी, ही त्यांची सव्वीस वर्षांची शिस्त. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. तेच रक्त पुन्हा यंत्रात घातलं. वीस. शुक्रवारी पुन्हा दोन्ही वेळा रक्त काढलं, त्याआधी अर्धा तास नियमाप्रमाणे शांत बसले. दुपारी एकवीस. रसायनाची बाटली बदलून परत एकवीस. मग त्यांनी वही उघडली आणि वळणदार अक्षरात अकरा नंबरपुढे लिहिलं, ‘नमुना खराब. यादीतून वगळावा.’ वही मिटली तेव्हा त्यांना जरा हलकं वाटलं.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई कागद घेऊन काउंटरवर आल्या.

“अकरा का वगळला?”

“नमुना खराब होता, मॅडम.”

“दुपारचा चार वेळा तपासलाय. यंत्रात सगळं दिसतं. चारही वेळा सारखाच खराब? खराब नमुना इतका शिस्तीत वागत नाही, एकटोचे.”

शेजारच्या प्रयोगशाळेच्या दारातून बातमीदाराने मान लांब केली. रांगेत चाळीसेक माणसं होती.

“या माणसाला बोलवायला हवं,” बाई आवाज उतरवून म्हणाल्या. “ग्रंथीचा आजार असेल, काही औषधांनीही असं होतं. नाहीतर महिनोन्‌महिने न उतरलेला ताण. नुसत्या आकड्यावरून मी काही ठरवणार नाही. पण अशातल्या काहींना नैराश्य असतं. झोप जाते, चव जाते, माणूस घरच्यांच्या अंगावर जातो आणि सगळे म्हणतात स्वभाव बिघडला. ताणाने मन खचतं, खचलेलं मन ताण उतरू देत नाही. आधी कोण, ते सांगता येत नाही. फोन लावा त्याला.”

आकडा वेडावाकडा आला की वही काढून फोन लावणं हे एकटोच्यांचंच काम होतं. त्यांनी वही उघडली. स्वतःच्या अक्षरातला स्वतःचा नंबर.

“कोण आहे हो?” बातमीदार.

सांगितलं तर दुपारपर्यंत चार मजले जाणार. उद्या या सुईला हात लावू देतील की नाही, कोण जाणे. आणि नाही सांगितलं तर आज बायको लेकीकडे निघणार. पाठीमागे फोन वाजायला लागला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, “अहो, उचला की!” एकटोचे वळले नाहीत.

“अकरा मी आहे, मॅडम.”

बातमीदार आपल्या यंत्राकडे वळला आणि बसूनच राहिला.

बाईंनी स्टूल ओढलं. “झोप?”

“चारला उडते.”

“जेवण?”

“पोट भरतं.”

“घरी?”

“बशा फोडल्या.”

“किती?”

“सहा.”

बाईंनी चिठ्ठी लिहिली: ग्रंथीच्या तपासण्या आणि सोमवारी नऊ वाजता दुसऱ्या मजल्यावर मनोविकारतज्ज्ञ. मग रजेचा अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता, ‘रजेच्या काळात काम कोण पाहील?’ एकटोचे त्यावर पेन धरून बसले.

“कुणीच नाही, मॅडम.”

“माहीत आहे. माणूस द्या म्हणून वरती तीन पत्रं लिहिलीत मी. सोमवारचे दोन तास मी बसते इथे. पुढचं माझ्या हातात नाही.”

बाईंनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि फोन उचलला. एकटोच्यांनी पुढच्या माणसाची बाही वर केली. चाळीस माणसं संपेपर्यंत ते उठले नाहीत.

घरी पोचले तेव्हा बायको बॅगेची चेन लावत होती.

“सकाळी बावीस, दुपारी वीस,” ते दारातूनच म्हणाले.

“काय?”

“माझं. दुपारी निम्म्यावर यायला हवं. येत नाहीये. यंत्रावर चार वेळा बघितलं.”

“यंत्राला चार वेळा विचारलंत. मी दीड वर्ष सांगतेय ते?”

“खोडून टाकलं होतं मी,” ते म्हणाले. “नमुना खराब म्हणून. आज सांगितलं सगळ्यांसमोर. सोमवारी नऊला बोलावलंय. येशील?”

तिने बॅगेची चेन अर्ध्यावरच सोडली. “येते. तुम्ही एकटे जाऊन आलात तर घरी काय सांगाल याचा नेम नाही.” मग तिने लेकीला फोन लावला. “अगं, आज नाही निघत. मंगळवारी बघू. नाही, अजून नक्की काही नाही... बाबा? हे काय, दारात उभे आहेत. चपलाही काढल्या नाहीत अजून.”