आबांचा डावा अंगठा आणि जुना टँक

लालबागच्या आमच्या खोलीत सामानाला जागा नाही, पण किस्से मात्र कुठेही मावतात! त्यातले निम्मे त्या जुन्या व्हिडिओ गेमचे. टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट घालायची, तो. आमच्या ह्यांनी शाळेत असताना हट्ट करून घ्यायला लावला होता. तेव्हापासून हे आणि माझे सासरे एकच गेम खेळायचे, रणगाड्यांचा. घरात त्याला सगळे 'टँक' म्हणतात.

आता आबा, म्हणजे सासरे, एकटेच खेळतात. लकव्याने त्यांचा डावा हात गेला होता, तो हळूहळू परत येतोय. टँक वळवायची बटणं गेमच्या रिमोटच्या डाव्या बाजूला. ती दाबायची म्हणजे डावा अंगठा हलवावाच लागतो. म्हणून गेम चालू राहायला हवा, आणि म्हणून माझा जीव सारखा टांगणीला!

*

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी आधी एक मऊ बॉल दिला होता. "रोज दाबायचा आबा, नाहीतर बोटं आखडतील हं!"

आबांनी तो एकदा दाबला आणि आमच्या लेकीला, स्वराला, खेळायला देऊन टाकला. मॅडम चिडल्या. आबा शांतपणे मालवणीत म्हणाले, "ह्यो दाबून कोण मरतलो? टँकात निदान दुश्मन तरी मरता."

त्याच दिवशी ह्यांनी माळ्यावरून टँक खाली काढला.

*

गेम चालतो फक्त जुन्या डबा टीव्हीवर. तो एवढा जड, टेबल एवढंसं, आणि स्वरा चार वर्षांची. कधी ओढेल आणि अंगावर घेईल, नेम नाही. मला स्वयंपाक सुचेना. शेवटी मी टीव्हीला नायलॉनची दोरी आवळली आणि खिडकीच्या गजाला बांधून टाकला.

हे कामावरून आले, बघत राहिले. "अगं, बैल आहे काय तो? सुटून जाणारे?"

आबा खाटेवरून म्हणाले, "आता चारापाणी पण बघ त्याचां!"

*

ह्या गेममध्ये सेव्ह वगैरे काही नाही. लाइट जरा खाली-वर झाली की पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्या चाळीच्या वायरिंगचं असं, की शेजारच्या मेरी आंटीने मिक्सर लावला की आमचा टीव्ही डोळा मारतो!

म्हणून आंटी आधी दारात येऊन विचारते, "काय आबा, वाटण लावू काय?"

एका रविवारी तिच्याकडे पाहुणे होते. खोबरं भाजून तयार, आंटी दारात उभी. आबा म्हणाले, "थांब गो, दोनच टँक उरलेत!" त्या दोन टँकांनी बराच वेळ घेतला. पाहुणे चुळबुळ करायला लागले.

आंटी आपल्या घरात जाऊन पाहुण्यांना म्हणाली, "जेवण होईल हो. शेजारी युद्ध चालू आहे, संपलं की बसू!"

*

डब्याची चिंता नको म्हणून ह्यांनी हप्त्यावर पातळ टीव्ही आणला. त्याला जुनी पिन लागेना. मग मध्ये जोडायला कसला तरी छोटा बॉक्स आणला. चित्र आलं, एकदम मोठं! पण आबा बटण दाबणार आता आणि टँक वळणार नंतर. तोवर गोळी लागून खलास.

ह्यांनी सेटिंग बदलली, वायरी बदलल्या. काही फरक नाही.

आबांनी रिमोट खाली ठेवला. "ऱ्हवांदे रे. ह्यो पण माझ्यासारखोच झालो. सांगितलेलां उशिरा कळतां."

मग आबाच आधी हसले. डबा परत टेबलावर आला. दोरीसकट!

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

सकाळी आबांचा टँक डावीकडे वळेना. वर जातो, खाली जातो, उजवीकडे जातो, डावीकडे नाही. आबांनी दाबलं, पुन्हा दाबलं. मग रिमोट मांडीवर ठेवून अंगठ्याकडे बघत बसले.

"अंगठो गेलो वाटतां," एवढंच म्हणाले.

हे ड्युटीवर. मी स्वतः बटण दाबून बघितलं, तरी टँक वळेना. पण मी कधी खेळलेच नाही, माझंच दाबणं चुकत असलं तर? डॉक्टरकडे आधी जाऊ की दुकानात? आबांजवळ मेरी आंटीला बसवलं, रिमोट पिशवीत टाकला आणि धावतच नाक्यावरचं रिपेअरिंगचं दुकान गाठलं.

दुकानदाराने स्क्रू काढले, आतलं रबर उलटून बघितलं, तोंड वाकडं केलं. "डावीकडचं रबर फाटलंय ताई. बटण पूर्ण गेलंय."

"नक्की? बटणच गेलंय ना?"

"हो. कोणीही दाबलं तरी चालणार नाही."

मी हातच जोडले. "फार बरं झालं हो दादा!" तिथेच स्टुलावर बसून घरी फोन लावला. "आबा, बटण गेलंय! बटण! पूर्ण गेलंय!" पलीकडून मेरी आंटीच्या टाळ्या ऐकू आल्या.

दुकानदार एकदा माझ्याकडे बघे, एकदा हातातल्या रिमोटकडे. मग त्याने जरा चाचरतच विचारलं, "ताई... दुरुस्त करायचाय ना?"