न्हाणीतला कट्टा

काम होतं चार दिवसांचं. बाथरूमच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, बसून आंघोळ करता येईल असा विटांचा एक कट्टा बांधायचा. पण त्याच्या गोष्टी अजून संपत नाहीत. सकाळी कळंब्याच्या तलावावर फिरायला गेलो की कुणीतरी विचारतं, "सर, कट्ट्याचं कुठवर आलं?" मी एक गोष्ट सांगायला घेतो आणि तिच्या मागोमाग दुसरी येते. घरी परतताना वाटतं, आज आपण फार बोललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलतो.

आधी मूळ सांगतो. आठ महिन्यांपूर्वी माझी पत्नी सुनंदा बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला, आणि रोज सकाळी तिला आंघोळ घालायला कमलताई येऊ लागल्या. कमलताई मायाळू आहेत, पण त्या एकदा आल्या की संध्याकाळपर्यंत सुनंदाच्या खोलीतून हलत नाहीत. त्या गेल्या की मी असतो; एकटी अशी ती कधीच नसते. सुनंदा शाळेत गणित शिकवायची. सगळं आयुष्य स्वतःचं काम स्वतः केलेली बाई. एका सकाळी कमलताई तिचे केस पुसत होत्या आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला दुसरं काही नको. आंघोळ तेवढी माझी मला करता आली पाहिजे. त्यासाठी काय तोडायचं ते तोडा."

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएच.डी. घर्षणावर. हे मिरवायला सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

*

पहिल्यांदा तोडफोड नव्हतीच. पुण्यातल्या आमच्या मुलीने आंघोळीची प्लॅस्टिकची खुर्ची पाठवली. पायांना रबर, हाताला आधार, सगळं झकास. पण सुनंदाला एकदम बसवायची माझी हिंमत होईना. म्हटलं, आधी मी बसून बघतो.

अंगावर पूर्ण कपडे होते. फरशी ओली केली, साबणाचं पाणीही टाकलं, कारण चाचणी म्हणजे चाचणी. बसलो आणि साबण घ्यायला जरा डावीकडे वाकलो. खुर्ची उजवीकडे गेली. मी कुठे गेलो ते मला नीट आठवत नाही, पण थांबलो तेव्हा माझ्या पाठीशी कमोड होता.

कमलताईंनी मला हात देऊन उठवलं. मग त्यांनी फरशीवरून पाय फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "सर, असली गुळगुळीत फरशी कुणी पसंत केली हो?"

सुनंदा वॉकर धरून दारात उभी होती. "यांनीच," ती म्हणाली. "चकाकते म्हणून."

आठ महिने ती हे एकदाही बोलली नव्हती. मला वाटत होतं, ती विसरली असेल.

*

बांधीव कट्टाच करायचा असं ठरलं. गवंडी शोधायला मी माझे मित्र कांबळे यांना सांगितलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. धरणं बघितलेला माणूस, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा. ते राधानगरीकडच्या शामराव मिस्त्रींना घेऊन आले. साठीचे, सडसडीत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

मी विचारलं, "अशी किती बाथरूमं केलीत तुम्ही?"

"एक बी न्हाई."

"मग?"

"गोठं बांधतो मी. गव्हाणी."

मी कांबळ्यांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "मिस्त्री, गव्हाणीत चारा टाकतात. तिच्यावर कुणी बसत नाही."

"बसत न्हाई, पर म्हस पुढचं दोन्ही पाय टाकून हुबी ऱ्हाती की. पाचशे किलोची म्हस. आजवर माझी एक गव्हाण हललेली न्हाई." मग त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "आपल्या मॅडम किती किलो?"

मी काही बोलायच्या आत आतून उत्तर आलं. "बासष्ट."

आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. मी हा प्रश्न दोनदा विचारला होता. उत्तर मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

*

मी नकाशा काढून ठेवला होता. सात पानं. कट्ट्याची उंची, रुंदी, पाणी साचू नये म्हणून पुढच्या बाजूला किती उतार, बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा कोन. उंची पावणेसतरा इंच काढली होती. तीनदा काढली होती, कारण दोनदा वेगळी आली.

मिस्त्रींनी सातही पानं शांतपणे बघितली, घडी घालून गुडघ्याखाली घेतली आणि फरशी ठोकून बघायला बसले.

"आणि माप?" मी विचारलं.

ते उठले, बाहेरून विटा आणल्या आणि हॉलमध्ये भिंतीला लावून एकावर एक रचल्या. वर एक फरशी ठेवली. "मॅडम, बसा."

सुनंदा बसली. "आता उठा." तिला उठवेना. कमलताई पुढे झाल्या, तर मिस्त्री म्हणाले, "तुमी हात लावू नगा." एक वीट वाढवली. ती अर्धी उठली आणि परत बसली. मग वरची सपाट वीट काढून तीच कडेवर उभी केली. ती बसली, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले आणि उभी राहिली. वॉकरला न धरता. कुणालाच न धरता.

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली. मी टेप लावली. साडेएकोणीस इंच.

"माझं कुठे चुकलं?" मी विचारलं. खरंच कळत नव्हतं.

"तुमचं कायबी चुकल्यालं न्हाई, सर," ते म्हणाले. "तुमी फकस्त मॅडमना बसवून बघितलं न्हाई."

*

विटा पक्क्या धरायच्या तर खालची फरशी आणि मागची भिंत फोडून खडबडीत करावी लागते. छिन्नी लावण्याआधी मिस्त्रींनी विचारलं, "पाइप कुणीकडनं गेल्याती?"

बारा वर्षांपूर्वी पाइप बसवताना मी तिथे उभा होतो. डोळे मिटून आठवलं. उजवीकडून. की डावीकडून? नाही, उजवीकडून. डावी बाजू मोकळी.

"खात्री हाय न्हवं?" बाजूला उभे असलेले कांबळे म्हणाले.

शास्त्राच्या माणसाने शंभर टक्के कधी म्हणू नये. मी म्हणालो, "ऐंशी टक्के."

मिस्त्रींनी डावीकडे छिन्नी लावून हातोडा मारला. तिसऱ्या घावाला भिंतीतून पाण्याची धार निघाली आणि सरळ कांबळ्यांच्या चष्म्यावर. मी गच्चीवरची टाकी बंद करायला धावलो, पण आमच्याकडे दोन टाक्या आहेत आणि मी दुसरीच बंद केली. खाली आलो तर पाणी हॉलपर्यंत पोचलेलं. सुनंदा पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, कमलताई पोतेरी घेऊन धावत होत्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मला ऐंशी टक्के खात्री होती."

मिस्त्री अंगठा भिंतीच्या भोकात दाबून उभे होते. नाकावरून पाणी गळत होतं. "ऱ्हाऊ दे सर," ते म्हणाले. "ह्ये उरल्याल्या वीस टक्क्यातलं पाणी हाय."

*

कट्टा उभा राहिला. वर खरबरीत शहाबादी बसवली, खालची गुळगुळीत फरशी काढून तिथेही तीच. या वेळी फरशी निवडताना मला कुणी विचारलं नाही आणि ते बरंच झालं. मिस्त्रींनी कट्ट्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि सांगून गेले, "आठ दिस पानी मारायचं. कुणी टेकायचं बी न्हाई."

तिसऱ्या दिवशी कांबळे तलावावर फिरायला येणाऱ्या दोघा निवृत्त अधिकाऱ्यांना घेऊन कट्टा बघायला आले. बघितला. मग एकजण म्हणाला, "वजन पेलंल काय पर?" मला रात्रंदिवस तीच चिंता. कांबळे म्हणाले, "शिमिट तिसऱ्या दिवशी निम्मं पकडतं. धरणावर बघितलंय मी." गोणपाट बाजूला केलं आणि ते बसले. काही झालं नाही. दुसरा बसला. तरी काही झालं नाही. तिसरा मावेना, म्हणून त्याने काठावर टेकलं.

आता कोल्हापूरचा माणूस एकदा कट्ट्यावर टेकला की लगेच उठत नाही. विषय निघाला पांढऱ्या रश्शाचा. कुणाच्या घरचा चांगला, त्यात खसखस किती असावी. सुनंदाने विचारलं, "सगळे आत काय करताहेत?" मी सांगितलं, "चाचणी चाललीय." तिने चहा पाठवला. मी स्वतः ट्रे घेऊन बाथरूममध्ये गेलो. आयुष्यात बरंच काही केलं, हे पहिल्यांदा केलं.

तेवढ्यात पाणी मारायला मिस्त्री आले. दारात थांबले. तीन निवृत्त अधिकारी न्हाणीत ओळीने बसून बश्या धरून चहा पितायत आणि मी समोर ट्रे घेऊन उभा. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "उठा."

तिघे उठले. काठाची फरशी तिसऱ्याबरोबर उठली.

ती पुन्हा बसवावी लागली आणि आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. आतून सुनंदाचा आवाज आला, कोरडा, शाळेतल्यासारखा. "आणखी कुणाला बसायचं असेल तर आजच बसून घ्या. माझा नंबर आला की सांगा."

त्या दिवशी रश्शाचा निकाल लागला नाही.

*

शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी गोणपाट काढलं, कट्टा धुतला, पिशवीतून हळद-कुंकू काढलं, पाच बोटं लावली, फूल वाहिलं आणि नारळ फोडला. नवी गव्हाण झाली की ते तसंच करतात. मी बुद्धिवादी माणूस, पण मला हात जोडावे की न जोडावे ते सुचेना. अर्धवट जोडले.

कांबळे म्हणाले, "मिस्त्री, न्हाणीत कुठला देव?"

"देव न्हाई. काम हाय," मिस्त्री म्हणाले.

ते गेले. दुसऱ्या दिवशी सुनंदा वॉकर घेऊन कट्ट्यापर्यंत गेली, उभी राहिली आणि परत आली. "पूजा केलेल्या जागेवर बसायचं कसं? तेही अंगावर कपडा नसताना?" गणिताची शिक्षिका. मी तिला समजावलं की हे सिमेंट आहे. ती म्हणाली, "मला माहिती आहे." आणि बसली नाही. तिसऱ्या दिवशी आत गेलो तर तिथे ताजं जास्वंद आणि उदबत्तीची राख. कमलताई रोज येताजाता नमस्कार करत होत्या.

एवढं फोडून, भिजवून, बांधून झालं, आणि आता मी घरात देऊळ करून बसलो होतो. सुनंदाची आंघोळ पुन्हा पलंगाशेजारी, कमलताईंच्या हातानेच चालू.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुनंदाच्या दाराशी जाऊन म्हणाले, "मॅडम, गव्हाण बी पुजतोच की आमी. म्हणून म्हस काय उपाशी ऱ्हाती?"

सुनंदा इतकी हसली की तिला खुब्यावर हात ठेवावा लागला. आठ महिन्यांत तसं हसू मी ऐकलं नव्हतं. मग ती कमलताईंना म्हणाली, "उद्या बादली काढा."

*

तो उद्या मागच्या सोमवारी आला.

कमलताईंनी बादलीत गरम पाणी काढलं, साबण हाताशी ठेवला, भिंतीवरची आधाराची नवी दांडी मी ओढून बघितली, चार वेळा. सुनंदा खांद्यावर टॉवेल टाकून आत गेली. कमलताई मागे निघाल्या तर तिने हाताने थांबवलं. दार लागलं. आणि आतून खट्ट आवाज आला.

कडीचा. पण आतली कडी तर मीच स्क्रू काढून फेकून दिली होती, सुनंदा पडली त्याच आठवड्यात. पुन्हा पडली तर दार उघडता आलं पाहिजे म्हणून.

मी मिस्त्रींना फोन लावला. "आतून कडी लागलीय. कुठून आली?"

"मी बसवली. मॅडमनी सांगितलंतं. सरांना बोलू नका म्हनल्या."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"सर, न्हाणी वापरणार कोन?"

मी दाराशी उभा राहिलो. पाण्याचा आवाज येईना. पाच मिनिटं झाली. "सुनंदा?"

"काय?"

"ठीक आहेस ना?"

"आहे."

दहा मिनिटं. पंधरा. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज नाही, साबणाचा नाही, काहीच नाही. चक्कर आली असेल, सांगत नसेल. "सुनंदा, पाणी गार झालं का?"

"नाही."

"मग पाण्याचा आवाज का येत नाही?"

मी दारावर थाप मारायला हात उचलला तर कमलताईंनी तो धरला. त्या दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या. "सर, तुमी हॉलमधी जाऊन बसा बरं."

मी गेलो नाही. चाळीस मिनिटं तिथेच उभा होतो, घड्याळाकडे बघत.

मग कडी सरकली. सुनंदा बाहेर आली, दांडी धरून, सावकाश, ताठ. चेहरा अगदी निवांत. केस कोरडे. गाऊन तोच. खांद्यावरचा टॉवेल घडी न मोडलेला. मी तिच्यामागे आत डोकावलो. बादली काठोकाठ भरलेली. फरशी कोरडी ठाक.

"आणि आंघोळ?" मी विचारलं.

"ती उद्या," ती म्हणाली, आणि वॉकर न मागता स्वयंपाकघराकडे वळली.